छोटा फिक्स्ड ब्लेड चाकू: रात्री जवळ ठेवायला कोणता घ्यावा आणि कसा बाळगावा?

शेवटची_कॅब
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज विचारतेच. मी हिंजवडीत सपोर्टला आहे, शिफ्ट रात्री एकला सुटते, कंपनीची कॅब आहे पण ती सोसायटीपर्यंत येत नाही, मेन रोडलाच सोडते कारण आतला रस्ता खोदून ठेवलाय आणि ड्रायव्हरला वळून यायला लांब पडतं. तिथून मला सात-आठ मिनिटं चालावं लागतं, एका बाजूला बंद पडलेली साइट आणि दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट, मधले दोन दिवे कधी लागतात कधी नाही. मागच्या महिन्यात बाइकवर दोघं जण माझ्या मागून अगदी हळू गाडी चालवत गेटपर्यंत आले. काही बोलले नाहीत, काही केलं नाही, गेटपाशी थांबले आणि निघून गेले. पण तेव्हापासून माझी झोप गेलीये.

तर मला एक छोटा फिक्स्ड ब्लेड चाकू घ्यायचाय, साधारण तीन इंची पात्याचा. फोल्डिंग नको, घाबरलेल्या हाताने तो उघडणार नाही असं वाटतं. महिन्यातून एकदा ट्रेकला जाते तिथेही तोच वापरता येईल. बजेट तीन हजार. पोलाद कुठलं, म्यान कशाचं, कमरेला लावायचा की बॅगेत, आणि कायद्याने चालतो का? "नको घेऊस" असं सांगणार असाल तरी चालेल, फक्त कारण पण सांगा, नुसतं काळजीपोटी नको.

घाटवाटा
ताई, आधी चाकूबद्दल, कारण तेवढंच मला नीट माहितीये. पंधरा-सोळा वर्षं सह्याद्रीत फिरतोय, चाकू कायम बॅगेत असतो. फिक्स्ड ब्लेड घ्यायचं कारण सोपं आहे, त्यात बिजागरी नाही, लॉक नाही, चिखल गेला तर धुतला की झालं. पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं असेल, म्हणजे फुल टँग, तर लाकूड फोडताना मूठ हातात आणि पातं लाकडात असं होत नाही. साडेतीन-चार इंच पातं ट्रेकला भरपूर होतं. दोरी कापणं, कांदा-काकडी चिरणं, चूल पेटवायला कारवीच्या काटक्यांच्या चिरफाळ्या काढणं, बँडेज कापणं, याच्यापलीकडे मला पंधरा वर्षांत काही करावं लागलेलं नाही.

तुमच्या बजेटमध्ये स्वीडनचा मोरा बघा. कंपॅनियन मॉडेलचं पातं साधारण १०४ मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, आणि अजून छोटा हवा तर एल्ड्रिस, त्याचं पातं जेमतेम ५९ मिलिमीटर. दोन्ही फुल टँग नाहीत, पण आपल्या कामाला मला कधी कमी पडले नाहीत. पोलाद स्टेनलेसच घ्या, १२सी२७ नावाचं येतं. कार्बन स्टील, म्हणजे १०९५ वगैरे, धारेला छान आणि निसण्यावर पटकन लागतं पण त्यात क्रोमियम नसतं, जुलैमध्ये राजमाचीला नेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पात्यावर लाल ठिपके दिसतात, माझा स्वतःचा असाच गेला. म्यान प्लॅस्टिकचं किंवा कायडेक्सचं (तेही एक कडक प्लॅस्टिकच), चामड्याचं दिसायला सुंदर पण पावसात ओलं राहतं आणि पातं आतून गंजवतं. मूठ रबरी किंवा खरखरीत हवी, गुळगुळीत लाकडी मूठ ओल्या हातात फिरते.

बाळगायचा कसा? मी तरी म्यानात घालून सॅकच्या आत, स्वयंपाकाच्या सामानाबरोबर. कमरेला कधीच नाही. माणसांपासून बचावासाठी चाकू या विषयावर मी बोलणार नाही, मला त्यातलं कळत नाही आणि अर्धवट सांगून तुम्हाला अडचणीत टाकायचं नाहीये.

दोन_चाकी
मी सांगतो. मी तीन वर्षं बेल्टला चार इंची लावून हिंडतोय, शर्टाच्या खाली. सातारा-पुणे रात्रीची बाइक असते. कोणी विचारलं नाही आजपर्यंत. कायद्याचं म्हणाल तर नऊ इंचापेक्षा कमी पात्याला लायसन्स लागत नाही, विषय संपला. वेळ आलीच तर हातात काहीतरी असलेलं बरं की नसलेलं? बिनधास्त घ्या.

भट्टी_आणि_ऐरण
आमचं घर लोहाराचं, रत्नागिरी जिल्हा. मी आता मुंबईत नोकरीला आहे पण सुट्टीत गेलो की वडिलांच्या भात्यावर बसतो. घाटवाटांनी कंपनीचं सांगितलं ते बरोबरच आहे, मी गावठी बाजू सांगतो.

आमच्याकडे कोयती, पारळी, सुऱ्या बहुतेक सगळं ट्रकच्या कमानपाट्यातून होतं. ते पोलाद चिवट असतं, वाकेल पण लवकर मोडणार नाही. तापवताना लोखंड एका ठरावीक लालीला आलं की त्याला लोहचुंबक चिकटायचं थांबतं, ती वेळ धरून ते विझवायचं, याला आम्ही पाणी देणं म्हणतो, पण कमानपाटा साध्या पाण्यात विझवला तर तडकू शकतो म्हणून वडील तेलात विझवतात. मग परत हलकं तापवायचं, पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेच्या सुरीला पिवळ्यावर थांबायचं, ठोकायच्या हत्याराला निळ्याकडे जाऊ द्यायचं. हे चुकलं तर सुरी एकतर काचेसारखी उडते नाहीतर केळ्यासारखी वाकते. तेव्हा तुम्ही बाजारात ८०० रुपयाचा "टॅक्टिकल" लिहिलेला काळा चाकू बघाल तेव्हा एवढंच विचारा की पोलाद कुठलं आणि कडकपणा किती, दुकानदाराला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

आता दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे झाडावर चढणारा माणूस कमरेला आकडी बांधतो, लाकडाची, आणि तिच्यात कोयती पाठीमागे उघडी लटकवतो. सगळ्या गावाला दिसते. त्याला कोणी घाबरत नाही कारण ती कशासाठी आहे ते दिसतं. वडील गिऱ्हाईकाला नेहमी विचारतात, कशाला पाहिजे? नारळाला, भाताला, मासळीला, बांबूला, त्याप्रमाणे वाक आणि वजन ठरतं. एकदा एक तरुण मुलगा आला, दोन्ही बाजूंनी धार आणि शर्टात मावेल असं पाहिजे म्हणाला. वडिलांनी भट्टी चालू असून त्याला परत पाठवलं. नंतर मला म्हणाले, ज्याला लपवायचंय त्याच्यासाठी मी लोखंड तापवत नाही. दोन्हीकडे धार असलेल्या पात्याला कामच नसतं हो, अंगठा ठेवायला पाठ लागते सुरीला. ताई, तुम्ही जे मागताय ते काम आहे की भीती आहे, हे एकदा स्वतःशी बघा. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये.

काळा_कोट
दोन_चाकी, विषय संपलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, फौजदारी बाजूलाच काम करतो.

नऊ इंचाचं आलं कुठून? शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम, आताचे २०१६ चे. त्याच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा एक वर्ग आहे, त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणून विळी, कोयता, किचनची सुरी याला लायसन्स नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण याच कायद्याच्या कलम ४ खाली एखाद्या भागापुरती वेगळी अधिसूचना काढता येते. दिल्लीत १९८० ची अशी अधिसूचना आहे, तिथे ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद यापुढच्या चाकूंवर गुन्हे दाखल होतात. उत्तराखंडच्या ट्रेकला दिल्लीवरून जाणाऱ्या पोरांना मी हे दरवेळी सांगतो, कारण पुण्यात चालणारी गोष्ट निजामुद्दीन स्टेशनवर चालेलच असं नाही.

आता महाराष्ट्र. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). यात पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढतात, पंधरा-पंधरा दिवसांचे. सण, मोर्चे, निवडणुका असल्या की बहुतेक शहरांत निघतातच. त्यात तलवारी, भाले, सुरे, चाकू, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते, तिथे इंच मोजत बसत नाहीत. आदेश मोडला तर कलम १३५. आणि पुण्यात कोयत्याचे प्रकार वाढल्यापासून नाकाबंदीत पोलीस किती बारकाईने बघतात ते रात्री फिरणाऱ्यांना माहितीये. तीन वर्षं कोणी विचारलं नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही.

आणि समजा वापरलाच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ खासगी संरक्षणाचा हक्क. हा हक्क खरा आहे आणि भक्कम आहे, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत तो पोचतो, याबद्दल कोणत्याही बाईने मनात शंका ठेवू नये. पण कलम ३७ म्हणतं की बचावाला जेवढी गरज आहे त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. मागे मागे येणाऱ्या बाइकवाल्याला घाबरून चाकू लागला, आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं असं निघालं, तर कलम ११८, धोकादायक हत्याराने दुखापत, गंभीर असेल तर कमीत कमी एक वर्ष आणि वर जन्मठेपेपर्यंत. तिथून पुढे गरज होती की नव्हती हे तुम्हाला कोर्टात पटवायचं असतं. आणि पहिला प्रश्न हाच येतो, चाकू कशासाठी जवळ ठेवला होता? काम सांगता आलं पाहिजे. "कोणी आलाच तर मारायला" हे उत्तर तुमच्या विरुद्ध वापरलं जातं.

लेस्टरहून
इथलं थोडक्यात सांगते, इकडे मुलं शिकायला येतात आणि सामानात ट्रेकचा चाकू आणतात म्हणून. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी फिक्स्ड ब्लेड योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, चार वर्षांपर्यंत शिक्षा. लॉक नसलेला तीन इंचापर्यंतचा घडीचा चाकू चालतो. आणि "माझ्या बचावासाठी ठेवलाय" हे कारण इथे धरतच नाहीत. कृपया कोणी पोराच्या बॅगेत घालू नका.

टाके_नाईट_ड्युटी
मी सर्जन आहे, निवासी डॉक्टर असताना आणि नंतरही बऱ्याच रात्री कॅज्युअल्टीत काढल्यात. कायद्याचं वर आलंय, मी हाताचं सांगतो.

छोट्या चाकूला बहुतेक वेळा मुठीपुढे आडवा अडसर नसतो. भाजी चिरताना त्याची गरज पडत नाही. पण भीतीने घामेजलेला हात जोर लावतो, पातं कशात तरी अडतं, मूठ थांबते आणि हात पुढे जातो, थेट धारेवर. चारही बोटांच्या आतल्या दोऱ्या, म्हणजे बोटं मिटवणारे स्नायूबंध, एका फटक्यात कापले जातात. हे मी बघितलंय, एकदा नाही. ते शिवता येतात पण बोटाच्या मधल्या भागात ते एवढ्या अरुंद नळीतून जातात की शिवल्यावर चिकटतात, सहा आठवडे स्प्लिंट, जवळजवळ तीन महिने वजन उचलायचं नाही, रोज फिजिओ, आणि एवढं करून मूठ पूर्ण मिटेलच असं मी पेशंटला सांगू शकत नाही. एकाचं गवंडीकाम त्यात गेलं.

दुसरं. समोरचा थांबेल म्हणून चाकू काढतात. मार लागलेला माणूस तिथल्या तिथे थांबत नाही, बऱ्याच जणांना आपल्याला लागलंय हे नंतर कळतं, तोवर झटापट चालू असते आणि दोन माणसांच्या मध्ये एक उघडं पातं असतं. ते कोणाच्या हातात आहे हे दर सेकंदाला बदलतं. मांडीच्या किंवा दंडाच्या मोठ्या रक्तवाहिनीला लागलं तर हातात मिनिटं असतात. म्हणून एक सांगून ठेवतो, कोणाला लागलेलं दिसलं तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका, आणि आत रुतलेली वस्तू ओढून काढू नका.

ताई, तुम्ही कारण विचारलं होतं, माझं कारण हे आहे. तुमच्या आणि त्या माणसाच्या मध्ये अंतर राहिलं पाहिजे, आणि चाकू वापरायचा तर अंतर संपवावं लागतं. पेपर स्प्रे निदान चार-पाच फुटांवरून चालतो, त्याला लायसन्स लागत नाही. पण तोसुद्धा पर्सच्या तळाशी नको, हातात हवा, वाऱ्याची दिशा बघून, आणि त्याच्यावर एक्स्पायरी असते ती तपासा. मोकळ्या जागेत एकदा मारून बघा म्हणजे फवारा कुठवर जातो ते कळेल.

दोन_चाकी
डॉक्टर, हे बोटांचं मला खरंच माहीत नव्हतं. मी आत्ता हातात घेऊन बघितला, अडसर नाहीये. काळा_कोट, मनाई आदेशाचं पण कळलं. विचार करतो.

उंबरठा
सगळ्यांनी चाकूबद्दल लिहिलं, मला दुसरंच विचारायचंय. शेवटची_कॅब, तुमची कॅब तुम्हाला मेन रोडला का सोडते?

मी पंधरा वर्षं एचआरमध्ये काढलीयेत म्हणून हे वाचून पहिल्यांदा तिथेच अडखळले. महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापना अधिनियम २०१७ आहे, त्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची, तसंच कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत नेऊन सोडायची सोय मालकाने करायची. दारापर्यंत, नाक्यापर्यंत नाही. २००७ मध्ये पुण्यात बीपीओच्या कॅबमध्ये रात्री कामावर निघालेल्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला त्या प्रकरणानंतर आम्ही सगळ्यांनी ट्रान्सपोर्टचे नियम परत लिहिले होते, बाई शेवटची सवारी असेल तर गार्ड, ड्रायव्हरने ती आत गेलेली बघून मगच गाडी हलवायची, हे सगळं त्या वेळी आमच्याकडे कागदावर आलं. आणि आता रस्ता खोदलाय म्हणून एक मुलगी रात्री सव्वा वाजता एकटी चालतेय आणि आपण तिला पोलाद सुचवतोय. मला राग आला, तुमच्यापैकी कोणावर नाही.

असं करा. ट्रान्सपोर्ट डेस्कला ईमेल, तोंडी नाही, मॅनेजर आणि एचआर सीसीमध्ये. त्यात तारीख, वेळ, कुठे सोडलं, किती चालावं लागतं, बाइकवाल्यांचा प्रसंग, आणि या कलमाचा उल्लेख. भाषा साधी ठेवा. रस्ता खोदलेला असेल तर मागच्या गेटने गाडी येते का ते आधी बघून ठेवा म्हणजे त्यांना कारण उरणार नाही. तुमच्या कॅबमध्ये अजून मुली असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. आणि फोनमधलं पॉवर बटण पटापट दाबल्यावर ११२ ला कॉल जातो, कुठल्या फोनला तीनदा कुठल्याला पाचदा, सेटिंगमध्ये बघून चालू करून ठेवा. त्या बाइकवाल्यांची नोंद चौकीत द्या, काही घडलं नाही तरी द्या. पुढे काही झालं तर आधीचा अर्ज हाताशी असतो.

शेवटची_कॅब
उंबरठा, तुमचं वाचून रडू आलं मला. मी एवढे दिवस हे माझंच काम समजत होते, की मला पोचायचंय तर मीच काहीतरी करायला हवं. ड्रायव्हर काका पण चांगले आहेत हो, त्यांना रूट शीटवर तोच पॉइंट दिलाय. ईमेल आज रात्रीच करते. टाके_नाईट_ड्युटी, तुमचं कारण पटलं. मी चाकू घेऊन काय करणार हे मनात पुढे नेऊन बघितलं तर मला काढल्यानंतरचं काहीच दिसत नव्हतं.

शेवटची_कॅब
अपडेट देते, अठरा दिवस झाले. पहिल्या ईमेलला "नोंद घेतली आहे" एवढंच आलं. दुसऱ्यावर आम्ही चौघींनी सह्या केल्या, त्यानंतर तीन दिवसांत रूट बदलला. कॅब आता मागच्या गेटने येते, मी लिफ्टपाशी पोचून हात दाखवते मग काका गाडी काढतात. चौकीत अर्ज दिला, तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं. स्प्रे घेतलाय, गच्चीवर मारून बघितला, वारा उलटा होता तर माझेच डोळे तासभर चुरचुरले, म्हणजे डॉक्टर म्हणाले ते खरं होतं. वॉचमन काकांनी दिव्यांचं पालिकेच्या ॲपवर टाकलंय, ते अजून झालेलं नाही.

ट्रेकसाठी मात्र छोटा मोरा मागवला, स्टेनलेस. पुढच्या शनिवारी पाचनईवरून हरिश्चंद्रगड आहे, सॅकमध्ये टाकते.

घाटवाटा
छान वाटलं वाचून. पण ताई, हरिश्चंद्रगडाला तो नेऊ नका, हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं, राहून गेलं. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र न्यायला बंदी आहे, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू हा शब्दच आहे, लांबी-रुंदी काही नाही. भीमाशंकर, कोयना, राधानगरी सगळीकडे तेच. मी स्वतः कित्येक वर्षं हे न कळता नेत होतो, एका वनरक्षकाने शांतपणे समजावलं तेव्हा कळलं. पाचनईत ज्यांच्याकडे जेवाल त्यांच्या घरी विळी आहेच, काकडी तिथेच चिरून घ्या. मोरा अभयारण्याबाहेरच्या किल्ल्यांना, शेतावरच्या मुक्कामाला न्या.

शेवटची_कॅब
बरं झालं आधी सांगितलंत. मग तो घरीच ठेवते, आईला मासे साफ करायला देते या वेळी. भट्टी_आणि_ऐरण, बरेच दिवस पडून राहणार असेल तर काय लावून ठेवायचं?

भट्टी_आणि_ऐरण
मासे झाले की लगेच धुऊन पुसून कोरडा करायचा, म्यानात ओला घालायचा नाही. मग खोबरेल तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पाठीकडून धारेच्या दिशेने फिरवायचा, धारेवर बोट न लावता. स्टेनलेस आहे म्हणून एवढं पुरे. पावसाळ्यात म्यानाबाहेर काढून, पोरांच्या हाताला लागणार नाही असा वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवा. आणि धार गेली तर फेकू नका, इकडे पाठवा, वडील निसण्यावर लावून देतील.